बोकास्तेलची रेड वाइन: बाटली निवडण्यापासून पेल्यापर्यंत

दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यात, आव्हिन्यों शहराच्या उत्तरेस शातोनफ-द्यु-पाप हा वाइनसाठी नावाजलेला टापू आहे. चौदाव्या शतकात पोप आव्हिन्योंत राहत असत, म्हणून नावात ‘पाप’ म्हणजे पोप. याच टापूच्या उत्तर भागात, कूर्तेझों गावाजवळ, पेरँ कुटुंबाचे शातो द बोकास्तेल हे द्राक्षमळे आणि वाइन बनवण्याचे ठिकाण आहे.

ही वाइन घेताना लेबलावर द्राक्षाच्या जातीचे नाव शोधू नये, कारण ती एका जातीची नसतेच. या टापूत परंपरेने 13 जातींना परवानगी आहे. पुष्कळ बागांत त्यांपैकी ग्रेनाशचाच वरचष्मा असतो, परंतु बोकास्तेलने तेराही जाती राखल्या असून रेड वाइनमध्ये ग्रेनाशच्या बरोबरीने, म्हणजे साधारण 30-30 टक्के, मूर्वेद्र घातलेले असते. उरलेल्या भागात सिरा, कुन्वाज आणि इतर जाती येतात. ग्रेनाश पिकलेल्या फळाची गोडी आणि अंगातली ऊब देते, पण हवा लागली की लवकर उतरते. मूर्वेद्र त्याउलट कडक, काळसर आणि दमदार, हवेला सहज न बधणारे. प्रत्येक जातीची हाताने तोडणी होते, प्रत्येकीचा रस वेगळा आंबवला जातो आणि मगच मेळ घालून ती वाइन मोठ्या ओक पिंपांत मुरवतात. पुढे बाटलीशी कसे वागायचे, हे बरेचसे या मेळावरूनच ठरते.

पहिली गोष्ट म्हणजे सालाची, म्हणजे द्राक्षतोडणीच्या वर्षाची, निवड. बाटली लवकर उघडायची असेल तर तोडणीपासून चार-पाच वर्षांच्या आतली घ्यावी, नाहीतर दहा-बारा वर्षे उलटून गेलेली; मधल्या काळात ही वाइन बरेचदा तोंड मिटून बसते, म्हणजे तिचा वास आणि चव दबलेली असते, आणि दिलेल्या पैशाचे चीज होत नाही. प्रथमच घेणाऱ्याने याच घराण्याच्या कूदुले द बोकास्तेल या वाइनपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. तिची बाग महामार्गाच्या पलीकडे, तशाच जमिनीत आहे. मात्र ती शातोनफच्या हद्दीबाहेर असल्याने वाइन ‘कोत द्यु रोन’ या ऱ्होन खोऱ्याच्या सर्वसाधारण नावाने बरीच स्वस्त विकली जाते. 1989 पासून निवडक वर्षीच निघणाऱ्या, मूर्वेद्रप्रधान ‘ओमाज आ झाक पेरँ’ या बोकास्तेलच्याच खास वाइनच्या वाटेला नवख्याने जाऊ नये.

बाटली आडवी, अंधारात आणि शक्यतो 12 ते 14 अंशांत ठेवावी. महाराष्ट्रातील उन्हाळ्यात माळ्यावर किंवा स्वयंपाकघराच्या फडताळात ती ठेवणे म्हणजे हाताने वाइन नासवणे होय.

जुनी बाटली उघडण्याच्या आदल्या दिवशी उभी करावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. जुने बूच ठिसूळ झालेले असते, तेव्हा ते सावकाश, सरळ वर ओढावे. मग बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती किंवा टॉर्च धरून, हात न हलवता, एकाच संथ धारेने वाइन दुसऱ्या भांड्यात ओतावी. मानेपाशी काळपट धुरासारखी रेघ सरकताना दिसली की तत्क्षणी थांबावे आणि तळाचा बोटभर भाग सोडून द्यावा. तरुण वाइनला असे ओतून तास-दोन तास हवा द्यावी. जुनीला मात्र ओतल्यावर ताटकळत ठेवू नये.

‘खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला युरोपातील थंड घरांचा आहे. आपल्याकडच्या 30 अंशांत या वाइनमधले 14 टक्क्यांच्या आसपासचे अल्कोहोल नाकात झोंबते, म्हणून बाटली दहा-पंधरा मिनिटे बर्फाच्या पाण्यात ठेवून 16 ते 18 अंशांवर आणावी. पेला एक तृतीयांशच भरावा. चामडे किंवा ओल्या मातीचा वास आला तर वाइन बिघडली असे समजू नये, तो मूर्वेद्रचा स्वभाव आहे. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येऊन तो जातच नसेल तर मात्र दोष बुचाचा.

सोबत मंद आचेवर शिजवलेले, वनस्पतींचा सुवास असलेले मटण उत्तम. तिखटजाळ रस्सा टाळावा, कारण अल्कोहोल आणि तुरटपणामुळे तिखट अधिकच चढते. तरुण बाटलीतली वाइन उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी घोटभर अवश्य चाखावी. ग्रेनाशचे फळ थोडे ओसरून त्याखालचे मूर्वेद्र तेव्हा अधिक स्पष्ट कळते.