पहिली आरसी ड्रिफ्ट गाडी : निवड जमिनीपासून सुरू करावी

ड्रिफ्टसाठी, म्हणजे आडवी घसरवत चालवण्यासाठी, पहिली आरसी (रिमोटवर चालणारी) गाडी घ्यायला निघालेला माणूस बहुधा आधीच एखाद्या बॉडीच्या प्रेमात पडलेला असतो. निस्सान सिल्व्हिया किंवा टोयोटा एई८६ यांच्या आकाराचे ते पातळ पॉलिकार्बोनेटचे कवच डोळ्यांत भरते आणि त्याखाली जी चासी (गाडीचा सांगाडा) मिळेल ती चालेल, असे वाटू लागते. वास्तविक बॉडी चार खुंट्यांवर चार पिनांनी अडकवलेली असते आणि ती हवी तेव्हा बदलता येते. ज्या जमिनीवर गाडी रोज चालणार ती मात्र सहसा बदलता येत नाही. म्हणून निवड खालून वर करत जावी, असे माझे मत आहे : आधी जमीन, मग टायर, त्यानंतर चासी, मग इलेक्ट्रॉनिक्स आणि सर्वांत शेवटी बॉडी.

ड्रिफ्टच्या गाडीचे टायर मऊ रबराचे नसून कडक प्लास्टिकचे असतात, कारण चाकाने जमीन घट्ट धरली तर गाडी घसरणारच नाही. पूर्वी हौशी लोक पीव्हीसी पाइपच्या कड्या कापून चाकांवर बसवत, त्यामागे हाच विचार होता. पण किती कडक टायर हवा, हे जमिनीवर ठरते. खरबरीत डांबरावर अतिशय कडक टायर लागतो आणि तो झपाट्याने झिजतो. घोटलेल्या काँक्रीटवर किंवा गुळगुळीत फरशीवर तोच टायर इतका घसरतो की गाडी जागच्या जागी गिरक्या घेते, म्हणून तिथे थोडा मऊ टायर लागतो. गालिचाचे टायर आणखी निराळे असतात. बऱ्याच ट्रॅकवर सर्वांनी एकच ठरावीक टायर वापरण्याचा नियम असतो, म्हणजे सगळ्या गाड्यांची पकड सारखी राहते आणि एकामागोमाग एक घसरत जाणे शक्य होते. जवळपास असा ट्रॅक असेल, तर काहीही विकत घेण्यापूर्वी एकदा रिकाम्या हाताने तिथे जावे, कोणता टायर चालतो ते विचारावे आणि लोकांच्या हातात कोणत्या चासी आहेत ते पाहून यावे.

जागेचे मापही याच वेळी घ्यावे. १:१० प्रमाणातील गाडी बॉडीसह साधारण ४५ सेंटिमीटर लांब आणि १९ ते २० सेंटिमीटर रुंद असते, त्यामुळे तिला मोकळ्या पार्किंगएवढी जागा तरी लागते. खोलीतच चालवायची असेल, तर १:२४ किंवा १:२८ ची छोटी गाडी घ्यावी. ती कमी जागेत रमते, पण वजनाला हलकी असल्याने तिच्या हालचाली झटकन होतात आणि तिचे सुटे भाग हाताळायला नजर चांगली लागते. पुढील विवेचन मुख्यतः १:१० च्या गाड्यांविषयी आहे, कारण सर्वाधिक चासी आणि सुटे भाग याच प्रमाणात मिळतात.

आता मुख्य प्रश्न येतो तो म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी घ्यावी की फक्त मागच्या चाकांना. चारही चाके फिरत असतील, तर पुढची चाके ज्या दिशेला वळवावी त्या दिशेला गाडीला ओढून नेतात, त्यामुळे चूक झाली तरी गाडी सावरते आणि पहिल्या अर्ध्या तासातच आपल्याला ड्रिफ्ट जमल्याचा आनंद मिळतो. मात्र पुढच्या चाकांना ताकद पोहोचवणारे सांधे ठरावीक कोनापलीकडे वळू शकत नाहीत. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ही अडचण नसते. तिची पुढची चाके ६० अंशांहूनही अधिक वळवता येतात आणि खऱ्या ड्रिफ्ट गाडीसारखी ती आडवी होऊन जाते. तिथे पुढची चाके दिशा दाखवतात, पण गाडी किती आडवी राहील हे प्रामुख्याने थ्रॉटलवरचे (वेग कमी-जास्त करणाऱ्या कळीवरचे) बोट ठरवते. ही दोन कौशल्ये वेगळी आहेत, आणि पहिल्या प्रकारात लागलेली सवय दुसऱ्या प्रकारात मोडावी लागते. म्हणून ट्रॅकवर जाणार असाल, तर सुरुवातच मागच्या चाकांच्या गाडीने करावी. पहिले काही दिवस गाडी सारखी उलटी फिरेल, ते सोसावे.

ट्रॅक नसेल आणि केवळ डांबरावर एकट्याने चालवायचे असेल, तर माझा सल्ला वेगळा आहे. तामियाची टीटी-०२डी ही चारही चाकांची किट (सुटे भाग घरी जोडून तयार करायची गाडी) अशा वेळी चांगली पडते : ताकद शाफ्टने पुढे-मागे जाते, गिअर झाकलेले असल्याने खडी आत शिरत नाही आणि जोडणी अवघड नाही. मागच्या चाकांच्या गाड्यांत एमएसटीची आरएमएक्स आणि योकोमोची वायडी-२ ही नावे वारंवार कानावर येतील. थ्रीरेसिंगच्या साकुरा डी४ या चासीच्या दोन्ही प्रकारच्या आवृत्त्या निघाल्या आहेत. यांतील कोणती घ्यावी, हा वाद न संपणारा आहे. त्यापेक्षा ज्या चासीचा पुढचा खालचा आर्म (चाकाला चासीशी जोडणारा दांडा) आणि नकल (चाक ज्यावर बसते व वळते तो भाग) आज मागवले तर आठवड्याभरात हातात पडतील, ती चासी घ्यावी, कारण भिंतीला पहिल्यांदा हेच दोन भाग लागतात.

मागच्या चाकांच्या गाडीत गायरो, म्हणजे गाडीचे फिरणे ओळखणारा सेन्सर, हा ऐच्छिक भाग नाही. एवढ्या लहान गाडीची शेपूट माणसाच्या हातापेक्षा वेगाने सुटते; ती सुटताच गायरो सर्व्होला (पुढची चाके वळवणाऱ्या छोट्या मोटरला) इशारा देतो आणि पुढची चाके उलट वळवून गाडी सांभाळतो. पण सर्व्होच मंद असेल, तर तो इशारा वाया जातो. सर्व्होच्या खोक्यावर ६० अंश फिरायला लागणारा वेळ लिहिलेला असतो, तो ०.१० सेकंद किंवा त्याहून कमी असावा, आणि तो आकडा किती व्होल्टला मोजलेला आहे हेही वाचावे, कारण ७.४ व्होल्टला चपळ असणारा सर्व्हो ६ व्होल्टवर तितका चपळ राहत नाही.

गायरोची दिशा तपासण्याची एक पद्धत गाडी घेतानाच शिकून घ्यावी. गाडी चालू करून हातात उचलून धरावी, वरून पाहावे आणि शेपूट झटक्यात उजवीकडे न्यावी. पुढची चाकेही क्षणभर उजवीकडेच वळली पाहिजेत. ती डावीकडे वळली, तर गायरो उलटा लागलेला आहे आणि त्याची सेटिंग बदलायला हवी. माझी पहिली गाडी संपूर्ण एक संध्याकाळ जागेवर भोवऱ्यासारखी फिरत होती. मी टायरला दोष दिला, जमिनीला दोष दिला, शेवटी स्वतःच्या बोटांना दिला, आणि दोष होता तो एका उलट्या सेटिंगचा. गायरोचा गेन (तो चाके किती जोराने वळवतो ते प्रमाण) फार वाढवला की सरळ जातानाही पुढची चाके थरथरू लागतात. ती थरथर थांबेपर्यंत तो कमी करावा. ट्रान्समीटरला (हातातल्या रिमोटला) तिसरे चॅनेल असेल, तर हा गेन गाडीला हात न लावता बदलता येतो, म्हणून निदान तीन चॅनेलचा ट्रान्समीटर घेणे शहाणपणाचे ठरते.

तयार मिळणाऱ्या स्वस्त गाड्यांत एक मेख असते. त्यांच्या सर्व्होला तीनऐवजी पाच वायरी असतात आणि रिसीव्हर व ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारा भाग) एकाच पट्टीवर असतात. अशा गाडीत वेगळा गायरो किंवा वेगवान सर्व्हो बसवायचा झाला, तर जवळजवळ सगळेच इलेक्ट्रॉनिक्स बदलावे लागते. बॉडी काढून वायरी मोजायला अर्धा मिनिट पुरतो, तेव्हा तो खर्चावा.

मोटरविषयी मात्र फार डोके शिणवू नये. तयार गाडीतील ५४० आकाराची ब्रश मोटर शिकण्यापुरती पुरते. पुढे सेन्सर असलेली १३.५टी किंवा १०.५टी (टी म्हणजे तारेचे वेढे) ब्रशलेस मोटर घ्यावी, कारण ती मंद गतीतही अडखळत नाही. बॅटरी बहुतेक वेळा दोन सेलची ७.४ व्होल्टची लिपो (लिथियम पॉलिमर) असते. तिचा प्रत्येक सेल ४.२ व्होल्टपर्यंतच चार्ज करावा, बॅलन्स चार्जरनेच करावा, वापरात नसताना ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा आणि चार्जिंग चालू असताना तिच्याजवळून उठून जाऊ नये. ईएससीवर लिपोची सेटिंग केली आहे ना, हेही पाहावे. ती नसेल, तर सेल मर्यादेखाली उतरून कायमचे निकामी होतात.

तयार गाडी घ्यावी की किट, याचे उत्तर हिशेबाच्या कागदावर सापडते. किटची किंमत कमी दिसते, कारण तीत मोटर, ईएससी, सर्व्हो, गायरो, ट्रान्समीटर, बॅटरी, चार्जर आणि पुष्कळदा बॉडीही नसते. सगळे मिळून बेरीज करावी आणि मगच तुलना करावी. साधनांत २ आणि १.५ मिलिमीटरचे चांगले हेक्स स्क्रूड्रायव्हर आणि ७ मिलिमीटरचा व्हील नट पाना एवढे तरी हवेच. हलक्या दर्जाच्या किल्लीने स्क्रूचे डोके गोल झाले, की साधा आर्म बदलायलाही अख्खी दुपार जाते. जुनी गाडी घेत असाल, तर मागचे एक चाक हाताने फिरवून पाहावे. दुसरे चाक त्याच दिशेने फिरले, तर मागे स्पूल (दोन्ही चाके एकत्रच फिरवणारा जोड) आहे, जो ड्रिफ्टला हवाच असतो. ते उलट दिशेने फिरले, तर आत उघडा डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना) आहे आणि तो बदलावा लागेल. पुढची चाकेही बोटांनी हलवून पाहावीत आणि खडखड जास्त असेल, तर नकल आणि बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करून मागावा.

एवढे झाल्यावर बॉडीकडे वळावे. चासीचा व्हीलबेस (पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर) बहुधा २५७ मिलिमीटरच्या आसपास असतो. तो बॉडीशी जुळतो का आणि रुंदी १९० ची आहे की २०० ची, हे पाहूनच चाकांचा ऑफसेट (चाक किती बाहेर येते ते माप) ठरवावा. रंग पॉलिकार्बोनेटसाठीचाच असावा आणि तो आतल्या बाजूने द्यावा. आरसे आणि मागचा पंख मात्र पाकिटातच राहू द्यावेत, आणि गाडी सलग एक बॅटरी भिंतीला न लागता चालली, की मगच ते बसवावेत.