अर्धविराम कुठे द्यायचा? 'म्हणून', 'मात्र' आणि 'तरीही'ची जागा

उभयान्वयी अव्ययांच्या व्याख्या शाळेत झालेल्या असतात, त्या इथे पुन्हा देत नाही. खानापूर-बेळगावकडचे अर्ज, निवेदने, मंडळांचे अहवाल आणि स्पर्धेचे निबंध मी सतत तपासतो. त्यांत दोन वाक्ये जोडताना स्वल्पविराम वाटेल तिथे पडतो आणि अर्धविराम (;) जवळजवळ कुणीच वापरत नाही. याचे मूळ एका सल्ल्यात आहे: 'वाचताना थांबाल तिथे चिन्ह द्या.' हा सल्ला विसरा. प्रत्येक जण वेगळ्या जागी थांबतो. वाक्याचा सांधा मात्र एकाच जागी असतो.

आधी वाक्य तोडून पाहा. 'राकसकोप जलाशय भरला; पण आमच्या गल्लीत नळाला पाणी आले नाही.' अर्धविरामाच्या जागी पूर्णविराम ठेवला तरी दोन्ही बाजू उभ्या राहतात, म्हणजे चिन्ह बरोबर आहे. 'राकसकोप भरल्यामुळे चिंता मिटली' यात 'भरल्यामुळे' एकटे उभे राहत नाही, तेव्हा तिथे कोणतेच चिन्ह नको.

छोटी वाक्ये 'आणि' किंवा 'व'ने जोडली असतील तर काहीही देऊ नका.

आता अवघड भाग. मलाही हा नीट उमगायला बराच काळ गेला. जोडणारा शब्द दिसला की त्याच्याआधी चिन्ह, असा नियम बरेच जण सांगतात. तो चुकीचा आहे. मराठी वाक्य बहुधा क्रियापदावर संपते, म्हणून अर्धविरामाच्या लगेच आधी क्रियापद आहे का ते बघा. 'यळ्ळूरला रोप लावणी संपली; जांबोटीत मात्र अजून चिखलणी चालू आहे.' इथे सांधा 'संपली'नंतर आहे. 'मात्र' दुसऱ्या वाक्याच्या पोटात बसला आहे आणि त्याला तिथेच राहू द्यायचे. 'जांबोटीत, मात्र' असे लिहिले की वाक्य नको तिथे तुटते. 'मात्र' वाक्याच्या सुरुवातीला आला तर चिन्ह त्याच्याआधी येईल: 'रोप लावणी संपली; मात्र पावसाने दडी मारली.' पण त्याच्यानंतर स्वल्पविराम कधीही नको. 'मात्र,' आणि 'तथापि,' ही इंग्रजीची सवय आहे; मराठीला तिची गरज नाही.

'म्हणून'शी आणखी जपून वागा. 'पाऊस आला म्हणून बस चुकली' हे एका दमातले वाक्य आहे, त्याला चिन्ह लागत नाही. पण पहिल्या भागातच स्वल्पविराम येऊन गेला असेल, तर अर्धविरामाशिवाय मुख्य सांधा दिसत नाही: 'कणकुंबीला रात्रभर पाऊस झाला, ओढे भरून वाहू लागले; म्हणून खानापुरात मलप्रभेचे पाणी चढले.' तिसरा 'म्हणून' आपल्या सीमाभागात फार ऐकू येतो: 'उद्या येतो म्हणून सांगितलंय.' कन्नडच्या शेजारामुळे तो आपल्या बोलण्यात पक्का रुजला आहे आणि त्यात मला काहीही वावगे वाटत नाही. फक्त तो 'की'चे काम करतो, परिणाम सांगत नाही. त्याच्याआधी अर्धविराम दिलात तर सांगणे एकीकडे आणि निरोप दुसरीकडे पडतो.

'तरीही' त्या मानाने सोपा आहे. 'पाऊस थांबला; तरीही घटप्रभा ओसरली नाही.' सुरुवातीला 'जरी' असेल तर पहिला भाग अपुरा राहतो, मग स्वल्पविरामच द्या: 'जरी पाऊस थांबला, तरी घटप्रभा ओसरली नाही.'

जुन्या मोडी कागदांत ही चिन्हे नव्हती, ती एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांनी मराठीत रुळली. तेव्हा ती हवीतच कशाला, असे कुणी विचारले तर त्यांना तालुका कार्यालयात दिलेला एखादा लांबलचक अर्ज वाचायला द्या. कोणती मागणी कोणत्या कारणासाठी आहे, हे चिन्हांशिवाय लावताना वाचणाऱ्याची दमछाक होते आणि नुकसान अर्जदाराचे होते.

एका वाक्यात एकच अर्धविराम पुरे. दुसरा द्यावासा वाटला तर पूर्णविराम देऊन नवे वाक्य सुरू करा.

टाइप करताना आधीच्या शब्दाला चिकटवून द्या, नंतर एक जागा सोडा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर अर्धविरामाच्या कळीवर 'च' येतो, त्यामुळे तेवढ्यापुरता कळफलक इंग्रजीवर न्यावा लागतो.