हँडलला फ्रेंचमध्ये काय म्हणायचं? इंग्रजी बाजूला ठेवा, आधी मराठीत बघा

फ्रेंच शिकणाऱ्या किंवा ट्रान्सलेशनची छोटीमोठी कामं घेणाऱ्या आपल्या मराठी लोकांची एक चूक ठरलेली असते, मी स्वतः ती बरीच वर्षं बिनधास्त करत होतो. इंग्रजी-फ्रेंच डिक्शनरी उघडायची, हँडल बघायचं, वरच प्वान्ये हा शब्द दिसतो, तो उचलायचा आणि झाडूपासून कपापर्यंत सगळ्याला चिकटवून मोकळं व्हायचं. माझं पहिलं पैशाचं काम म्हणजे हत्यारांचा एक कॅटलॉग, त्यात हातोडा, फावडं, बादली, करवत, कानस, सगळ्याला मी प्वान्ये लावून टाकलं आणि तपासणाऱ्या फ्रेंच बाईंनी लाल करून परत पाठवलं, एवढ्या सगळ्यात फक्त करवत वाचली, तीही नशिबाने.

घोळ इंग्रजीचा आहे. रोजच्या बोलण्यात इंग्रजीने सगळं एका हँडलमध्ये कोंबलंय. फ्रेंच तसं करत नाही आणि गंमत म्हणजे मराठीही करत नाही. आपण कुऱ्हाडीची मूठ म्हणत नाही, कपाचा दांडा म्हणत नाही, बादलीचा कान म्हणत नाही. म्हणजे अर्धं काम आपल्या डोक्यात आधीच झालेलं असतं, आपण उगाच इंग्रजीचा वळसा घालून ते विसरतो. तर पद्धत अशी, वस्तू समोर आली की आधी स्वतःला विचारायचं, आजी याला काय म्हणाली असती? दांडा, मूठ, कान की कडी? आणि तिथून थेट फ्रेंचमध्ये उडी.

दांडा आला की माँश. झाडू, हातोडा, कुऱ्हाड, फावडं, कुदळ, चमचा, टूथब्रश, टेनिसची रॅकेट, सगळं माँश. गिटारच्या ज्या लांब भागावर बोटं दाबतो तोही माँश. विमानाच्या पायलटची दांडी म्हणजे माँश आ बाले, शब्दशः झाडूचा दांडा, आणि व्हिडिओ गेमच्या जॉयस्टिकलाही हेच म्हणतात. धांदरट माणसाला पण माँश म्हणतात, म्हणजे आपण ठोंब्या म्हणतो तसं.

इथे लिंग सांभाळा, हे खरंच महत्त्वाचं आहे. दांडा आपल्याकडे तो, फ्रेंचमध्येही पुल्लिंगी, ल माँश. तेच ला माँश म्हणालात तर शर्टाची बाही झाली. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधला जो समुद्र इंग्रजीत इंग्लिश चॅनल आहे तो फ्रेंच नकाशावर ला माँश, बाहीसारखा निमुळता म्हणून. आणि फेर ला माँश म्हणजे भीक मागणे. इंग्रजी, निदान अमेरिकन इंग्रजी, भीक मागण्याला पॅनहँडल करणे म्हणते, त्यात मात्र खरोखर हँडल आहे, त्यामुळे लोक दोन्हींचा संबंध जोडतात, पण फ्रेंचमध्ये ला आहे म्हणजे तिथे दांड्याचा विषयच नाही. मी ल्यों शहरात असताना झाडूचा दांडा मोडला म्हणून दुकानात गेलो आणि तोंडून ला माँश निघून गेलं, दुकानदार आजोबांनी माझ्या स्वेटरची बाही चिमटीत धरून गंभीर चेहऱ्याने विचारलं, ही का? तेव्हापासून लिंग चुकलेलं नाही.

मूठ आली की प्वान्ये. हा शब्द म्हणजे अक्षरशः आपली मूठच आहे. प्वँ म्हणजे वळलेली मूठ, त्यावरून प्वान्ये, आणि आपल्यासारखंच मुठीत मावेल तेवढं माप पण तेच, युन प्वान्ये द री म्हणजे मूठभर तांदूळ. हस्तांदोलनाला प्वान्ये द मँ. मूठ आपल्याकडे ती, प्वान्ये पण स्त्रीलिंगी, म्हणजे लक्षात ठेवायला फुकटात सोय. दार, ड्रॉवर, फ्रीज, सुटकेस, ड्रिल मशीन, आणि माझी ती वाचलेली करवत, सगळ्यांना प्वान्ये. कमरेवरच्या वळ्यांना इंग्रजीत लव्ह हँडल्स म्हणतात ना, फ्रेंचमध्ये प्वान्ये दामूर, शब्दाला शब्द.

पण इथेच मराठी एकदा दगा देते. सुरीची मूठ, विळ्याची मूठ, खुरप्याची मूठ, आपण मूठच म्हणतो, आणि फ्रेंच माणूस मात्र म्हणतो माँश. चाकूच्या कुठल्याही फ्रेंच कॅटलॉगमध्ये बघा. साव्हुआ भागातला ओपिनेलचा प्रसिद्ध घडीचा चाकू, 1890 पासून बनतोय, त्याचं लाकूड बहुतेक वेळा बीचचं असतं आणि त्याला कायम माँशच लिहितात. स्क्रूड्रायव्हर आणि कानस पण माँश. मी स्वतःपुरता काढलेला नियम असा की हातात काठीसारखा तुकडा येतो आणि पातं किंवा डोकं त्याच्या टोकाला बसवलंय, तर लांबी कितीही कमी असो, माँश. बोटं आत घालून किंवा भोवती गुंडाळून ओढायचं, उचलायचं, ढकलायचं असेल तर प्वान्ये. तलवार या नियमात बसत नाही, तिची प्वान्येच, पण तलवारीची भाषांतरं किती येणार आहेत तुमच्याकडे.

कान किंवा कडी आली की आँस. कपाचा कान, चहाच्या किटलीचा, जगचा, बिअरच्या मगचा, टोपलीची कमान, बादलीची कडी, सगळं आँस. कढईचे किंवा मोठ्या भांड्याचे दोन बाजूंचे कान पण आँस, कॅटलॉगमध्ये त्यांना प्वान्येही लिहितात, दोन्ही चालतं, आणि ओरेय म्हणजे चक्क कान असंही म्हणतात. शब्द स्त्रीलिंगी आहे पण पुढे स्वर असल्यामुळे ला दिसत नाही, लाँस होतं, आणि लाँस म्हणजे भाला पण! उच्चार अगदी सेम, फरक फक्त लिहिण्यात. समुद्रकिनाऱ्यावरच्या लहान वळणदार खाडीलाही आँस म्हणतात, कपाच्या कानाचा आकार डोळ्यापुढे आणा, लगेच पटेल.

या आँसवरून एक वाक्प्रचार आहे जो मला फार आवडतो, टोपलीची कडी नाचवणे. म्हणजे घरच्या स्वयंपाकिणीने बाजारातून भाजी आणायची, मालकिणीला भाव चढवून सांगायचा आणि मधले पैसे आपल्या कनवटीला. आपल्याकडे पण हे चालायचं, फक्त टोपली नाचायची नाही.

आता जे मराठीत नाहीच ते. फ्राइंग पॅन किंवा सॉसपॅनचा जो एकच लांब दांडा असतो त्याला स्वयंपाकाच्या भाषेत शेपूट म्हणतात. स्पेलिंग इंग्रजीतल्या रांगेच्या क्यूचंच, कारण इंग्रजीने तो शब्द फ्रेंचकडूनच घेतलाय, पण उच्चार क्यू नाही, ओठ शिट्टी वाजवल्यासारखे गोल करून के म्हणायचं, मी इथे क लिहितो. चेरीच्या देठाला पण क, बिलियर्डच्या काठीला पण क. तव्याची शेपटी धरणे म्हणजे कारभार आपल्या हातात असणे. दुकानात मात्र पॅनला माँशही सर्रास लिहितात, त्यामुळे रेसिपी असेल तर क, प्रॉडक्टचं लेबल असेल तर माँश, असं मी करतो आणि अजून कुणी लाल केलेलं नाही.

बाकीचे पटापट. दाराचा गोल नॉब, ड्रॉवरचा छोटा नॉब, दोन्ही बुतों, म्हणजे शर्टाचं बटण तेच. दाराचं खाली दाबायचं लिव्हरसारखं हँडल हार्डवेअरवाल्यांच्या भाषेत बेकीय, जे कुबडीचंही नाव आहे. गोल गोल फिरवायचं हँडल, कॉफीची जुनी हातचक्की किंवा गाडीचा जॅक, ते मानिव्हेल. सायकलचं हँडल गिदों, पण त्याच्या टोकाच्या रबरी मुठी परत प्वान्ये, आणि ब्रेकची पट्टी लव्ह्ये. गाडीच्या गिअरचा दांडा लव्ह्ये आणि वरचा गोळा पोमो. बंदूक-पिस्तुलाचा दस्ता क्रॉस. झेंड्याची काठी आँप, तिला माँश म्हणालात तर झेंड्याचा झाडू होतो.

उलट्या दिशेने, म्हणजे फ्रेंचवरून इंग्रजीत जाताना, हँडल लिहिलं की नव्वद टक्के वेळा चालून जातं, पण इंग्रजीच्या माळ्यावरही जुनी भांडी पडलेली आहेत. तलवार-खंजिराची मूठ हिल्ट, चाकू किंवा आरीची हाफ्ट, कुऱ्हाडीचा दांडा हेल्व, गवत कापायच्या लांब कोयत्याचा वाकडा दांडा स्नॅथ, बादलीची कडी बेल, बंदुकीचा स्टॉक, भांड्याचा कान लग, आणि लग म्हणजे स्कॉटलंडमध्ये आजही खरा कान. यातले हिल्ट सोडले तर रोज कुणी बोलत नाही, पण जुन्या वस्तूंचं, म्युझियमचं काही काम आलं तर लागतातच. मुठीच्या आत शिरणारा पात्याचा भाग इंग्रजीत टँग आणि फ्रेंचमध्ये स्वा, म्हणजे रेशीम! शब्द लिहायला-बोलायला तोच, मशीनला भाषांतर करायला दिलं तर चाकूच्या मुठीत रेशीम भरून मिळतं, मी बघितलंय.

जोडशब्द करताना आ आणि आँ सांभाळा. लाकडी मुठीची सुरी म्हणजे कुतो आ माँश आँ ब्वा, आ म्हणजे असलेली, आँ म्हणजे कशाची बनलेली. आणि दांडा नसलेलं असं लिहायचं असेल तर साँ माँश, इथे लिहिताना शेवटी अनेकवचनाचा एस लावलात तर बिनबाह्यांचा ड्रेस होतो, उच्चारात कळत पण नाही.

कुऱ्हाडीवर जरा थांबतो, कारण तिन्ही भाषांनी तिच्या दांड्यावरून म्हणी केल्यात आणि प्रत्येकीला वेगळंच दिसलंय. इंग्रजीत माणूस भडकला की फ्लाय ऑफ द हँडल, दांडा ढिला असला की घाव घालताना पातं सुटून उडतं, ज्याने पाचर नीट न ठोकता लाकडं फोडलीत त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. फ्रेंच म्हणतात कुऱ्हाडीमागे दांडाही फेकणे, म्हणजे एक नुकसान झालं म्हणून वैतागून उरलेलंही सोडून देणे, आणि जुन्या इंग्रजीत हीच म्हण हेल्व शब्द घेऊन आहे. आपली, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. म्हणजे त्या दोघांना दांडा धरणारा माणूस दिसला आणि आपल्याला झाड दिसलं. या म्हणींचं भाषांतर करताना दांड्याला दांडा जोडायला जाऊ नका, फ्रेंच माणसाला गोतास काळ सांगायचा तर अख्खी गोष्ट सांगावी लागते.

सराव कसा करायचा, तर एका रविवारी किचनमध्ये चिठ्ठ्या चिकटवा. कपावर आँस, सुरीवर माँश, फ्रीजवर प्वान्ये, पॅनवर क. अडलं तर शब्द फ्रेंच स्पेलिंगने टाकून इमेज सर्च करा, डिक्शनरीपेक्षा फोटो कमी खोटं बोलतात. कुकरला लांब हँडल एकीकडे आणि छोटं समोर, त्यामुळे दोन चिठ्ठ्या. आणि पातेल्यांवर काहीच लावू नका, आपल्या पातेल्याला मुळात हँडलच नसतं, ते वेगळं ठेवलेलं असतं, कुणी त्याला सांडशी म्हणतं, कुणी पक्कड, आमच्याकडे तिचं नावच ‘गावी’ आहे. तिच्यावर लिहा पँस.