किटमधला पार्ट नेमका कशाचा?

प्लास्टिकचं मॉडेल किट जोडताना ग्लू लावूनही जोड सुटतो, रंगाचे पापुद्रे निघतात किंवा रंगवलेला सांधा तडकतो, तेव्हा बहुधा मटेरियल ओळखण्यातच चूक झालेली असते. पार्ट कापण्याआधी रनरची पट्टी (पार्ट ज्या चौकटीला जोडलेले येतात ती) पाहा. बऱ्याच किटमध्ये तिथेच पीएस (पॉलिस्टायरीन), एबीएस (चिवट प्लास्टिक), पीई (पॉलिइथिलीन) अशी प्लास्टिकची लघुरूपं इंग्रजीत कोरलेली असतात.

खूण नसेल तर रनरचा टाकाऊ तुकडा घ्या, पार्टला हात लावू नका. नखाने ओरखडा सहज उठला आणि स्पर्श मेणचट असेल तर तो पीई. पॉलीकॅप (सांध्यात बसवायचे मऊ तुकडे) याचेच असतात. त्यावर ना ग्लू धरत, ना रंग. न रंगवता नुसता बसवायचा.

खरा घोळ पीएस आणि एबीएसचा. लिमोनीनच्या सिमेंटचा (प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या ग्लूचा) थेंब टाकून काही सेकंदांनी दुसरा तुकडा दाबा. पीएस विरघळून चिकट होतो, एबीएसवर फारसा परिणाम होत नाही. एबीएसला त्याच्यासाठीचंच सिमेंट लागतं. एबीएसच्या घट्ट सांध्यात इनॅमल थिनर झिरपला की ताणामुळे चीर जाते, त्यामुळे वॉश (थिनरने पातळ केलेल्या रंगाचा हात) देताना सांधे वगळलेले बरे.

पाण्याची चाचणीही सोपी आहे. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, नाहीतर बुडबुडे तुकड्याला वर धरून ठेवतात. पीई आणि पीपी (पॉलिप्रॉपिलीन) तरंगतात, बाकीचे बुडतात. मग १०० मिली पाण्यात १५ ग्रॅम मीठ विरघळवा: पीएस आणि एबीएस वर येतात, पीव्हीसी आणि पॉम (पॉलिअ‍ॅसिटल) तळाशीच राहतात. जाळून पाहायच्या भानगडीत मात्र पडू नका. पीव्हीसीच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो.

रेझिन (साच्यात ओतून घट्ट केलेले पार्ट) घासल्यावरच कळतं. प्लास्टिकच्या साली निघतात, रेझिनची पिठासारखी भुकटी. ती फुप्फुसात जाता कामा नये, म्हणून ओला पॉलिश पेपर आणि मास्क वापरा. रेझिनवर प्लास्टिक सिमेंट काहीच करत नाही, सुपरग्लू किंवा इपॉक्सीच हवं. आधी साबणाच्या कोमट पाण्याने धुवा. साच्याचं तेल राहिलं तर प्रायमर सुटतो.

पारदर्शक पार्ट बहुधा पीएसचेच, पण ठिसूळ. गेट (पार्टला रनरशी जोडणारा बारीक दांडा) दोन टप्प्यांत कापा. सुपरग्लूच्या वाफेने त्यावर पांढरी झाक येते, तिथे पीव्हीए (पांढरा ग्लू) बरा.

जुन्या किटमधले मऊ व्हिनाइलचे टायर पीएसच्या रिमवर वर्षानुवर्षं ठेवू नका. त्यातलं प्लास्टिसायझर (मऊपणासाठी घातलेलं रसायन) पाझरून रिम वितळवतं.