नेट गेलं की घाईत केल्या जाणाऱ्या या चुका टाळा

ठाणे आणि नवी मुंबईत घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय आहे. 'दादा, नेट चालत नाहीये, लगेच या' असा फोन आला की मी आधी एकच विचारतो: घरच्या वायफायवर मोबाइल चालतोय का? बऱ्याच घरांत हे कुणी पाहिलेलंच नसतं. तोवर राउटर रिसेट झालेला असतो, भाच्याने कॉम्प्युटर फॉरमॅट मारायला घेतलेला असतो. मूळ बिघाड पाच मिनिटांचा, पण तो निस्तरण्यात अख्खा दिवस जातो. त्यात मुलांच्या परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख असली की घरातल्यांची तगमग बघवत नाही.

म्हणून आधी बिघाड कुठे आहे ते ठरवा. तो कंपनीपासून घरातल्या बॉक्सपर्यंत (म्हणजे राउटरपर्यंत) असेल, बॉक्सपासून कॉम्प्युटरपर्यंत असेल, नाहीतर कॉम्प्युटरच्या आत असेल. मोबाइलचा डेटा बंद करा, वायफाय चालू ठेवा आणि पूर्वी कधी न उघडलेली एखादी साइट उघडून बघा. उघडली तर लाइन ठीक आहे, दोष कॉम्प्युटरकडे आहे. नाही उघडली तर कॉम्प्युटरला हातही लावू नका. डेटा बंद करायचं मात्र विसरायचं नाही. वायफायवर नेट नसलं की बरेच फोन आपोआप सिमच्या नेटवर जातात आणि लाइन चालू असल्यासारखं वाटतं.

आणखी एक गोष्ट आधीच पाहून घ्या: रिचार्ज संपलाय का? वर्षाचा प्लॅन एकदम भरणाऱ्या घरांत तारीख कुणाच्याच लक्षात राहत नाही.

राउटरच्या मागचं बारीक भोक

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. रीस्टार्ट आणि रिसेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रीस्टार्ट म्हणजे भिंतीवरचं बटण बंद करायचं, अर्धा मिनिट थांबायचं, चालू करायचं आणि सगळे दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटं वाट बघायची. याने नुकसान काहीच होत नाही, आणि अनेकदा काम भागतं. रिसेट म्हणजे मागच्या भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबून धरणं. त्याने राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो.

आपल्याकडच्या बऱ्याच सोसायट्यांत नेट स्थानिक केबलवाल्याकडून येतं. त्या जोडणीत राउटरच्या आत तुमचं युजरनेम आणि पासवर्ड भरलेला असतो. त्या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात. रिसेट केलं की तो पुसला जातो, आणि मग केबलवाल्याचा माणूस येऊन भरेपर्यंत लाइन ठीक असूनही नेट बंद. रविवार असेल तर सोमवारची वाट बघा. शिवाय वायफायचं नाव आणि पासवर्ड बदलल्यामुळे टीव्ही, प्रिंटर, दारावरचा कॅमेरा सगळंच तुटतं.

नेट चालू आहे तोवरच केबलवाल्याकडून युजरनेम-पासवर्ड मागून घ्या आणि कागदावर लिहून ठेवा. नुसता ईमेलमध्ये ठेवला तर नेमका लागेल तेव्हा उघडता येणार नाही. तो हाताशी नसेल तर त्या भोकाकडे फिरकू नका.

लाल दिवा लागला की

फायबरच्या पांढऱ्या बॉक्सवर 'पॉन' (PON) आणि 'लॉस' (LOS) असे दोन दिवे असतात. पॉन स्थिर हिरवा असला पाहिजे. लॉसचा लाल दिवा लुकलुकत असेल तर बाहेरून येणारा प्रकाश तुमच्या बॉक्सपर्यंत पोहोचतच नाहीये. अशा वेळी विंडोजच्या सेटिंग्ज उलथ्यापालथ्या करणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो, थांबा. कॉम्प्युटरमध्ये केलेल्या कशानेही तो दिवा विझणार नाही.

आधी वायर बघा. फायबरच्या आत काचेचा तंतू असतो, जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे जेमतेम केसाएवढी. तांब्याची वायर कशीही दुमडली तरी बहुधा चालते, पण काच फार वाकली की प्रकाश वळणावर बाहेर गळतो. वर्तकनगर, कळवा, ऐरोली भागातल्या जुन्या इमारतींत ही वायर पुष्कळदा सरकत्या खिडकीच्या पट्टीतून आत घेतलेली असते. उन्हाळाभर खिडकी किलकिली असते म्हणून काही होत नाही. जूनच्या पहिल्या झोडपणाऱ्या पावसात घरातलं कुणीतरी खिडकी घट्ट लावतं, वायर चौकटीत चेंगरते आणि लाल दिवा लागतो. मग दोष पावसावर जातो. खिडकी थोडी उघडून वायर मोकळी करा. नुसती दुमडलेली असेल तर दिवा हिरवा होईल, आतली काच तुटली असेल तर लाइनमनला येऊन जोड द्यावाच लागेल. तो आला की त्याच्याकडून वायर खिडकीऐवजी भिंतीला भोक पाडून आत घ्या. त्या कामाला कंटाळू नका, दर पावसाळ्यातला मनस्ताप वाचतो. कपाटाच्या दारात, सोफ्याच्या पायाखाली, टीव्हीच्या शोकेसमागे सापडलेल्या वायरीही अशाच.

बॉक्समध्ये खोचलेलं फायबरचं हिरवं टोक उपसून शर्टाला पुसणं, त्यावर फुंकर मारणं हे कटाक्षाने टाळा. धुळीचा एक कणही प्रकाश अडवतो. त्या टोकात डोळा लावून बघायचं तर अजिबात नाही. आतला लेसर डोळ्यांना दिसत नाही, पण तो चालू असू शकतो.

घरातली वायर ठीक दिसली तर शेजारी त्याच कंपनीचं नेट वापरणाऱ्यांना विचारा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ टाकली तरी कळतं. घोडबंदर रोडला मेट्रोचं किंवा रस्त्याचं काम चालू असताना खोदकामात फायबर तुटली, तर एका वेळी कितीतरी इमारती बंद पडतात. तिथे वाट बघण्यावाचून उपाय नसतो. तक्रार मात्र नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा.

'घरात इन्व्हर्टर आहे, तरी लाइट गेली की नेट का जातं?' हा प्रश्न मला नेहमी येतो. काही इमारतींत केबलवाल्याचा स्विच (घराघरांत नेट वाटून देणारं यंत्र) गच्चीवर किंवा जिन्यात असतो आणि तो सोसायटीच्या सामायिक मीटरवर चालतो. महावितरणचा पुरवठा गेला की तोही जातो. फायबर थेट तुमच्या घरात आली असेल तर मधल्या स्प्लिटरला (प्रकाश घराघरांत वाटून देणाऱ्या डबीला) वीज लागत नाही. तिथे राउटरसाठीचा छोटा यूपीएस नक्की उपयोगी पडतो. तो घेताना, किंवा अडॅप्टर बदलताना, जुन्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. पिन बसते म्हणून सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर खुपसला जातो. व्होल्ट जास्त असले तर राउटर जळतो, अँपिअर कमी पडले तर तो दिवसभर आपोआप बंद-चालू होत राहतो.

मोबाइल चालतो, कॉम्प्युटर चालत नाही

आता कॉम्प्युटरकडे या. लॅन केबल असेल तर ती दोन्हीकडून काढून 'टक' आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा. प्लास्टिकची क्लिप तुटलेली केबल वरून बसलेली दिसते, पण संपर्क सुटलेला असतो. जोडल्यावर पोर्टचा छोटा दिवा लागला पाहिजे. नाही लागला तर राउटरचं दुसरं पोर्ट आणि मग दुसरी केबल लावून बघा.

वायफाय असेल तर एअरप्लेन मोड चालू झालाय का बघा. कीबोर्डवरचं एक बटण चुकून दाबलं तरी तसं होतं. राउटर बहुधा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर वायफाय देतो. जुन्या वायफाय डोंगलला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं, ५ गिगाहर्ट्झचं नाव त्याच्या यादीत दिसतच नाही. ५ गिगाहर्ट्झ आरसीसीच्या भिंतींतून नीट पोहोचतही नाही, त्यामुळे आतल्या खोलीत २.४ला जोडा.

जोडलेलं दिसतंय आणि तरी नेट नाही, तर सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमधला आयपीव्ही४ पत्ता (नेटवर्कवर कॉम्प्युटरला मिळालेला आकड्यांतला पत्ता) वाचा. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा राउटरने पत्ता दिलाय. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून काहीच आलेलं नाही आणि विंडोजने स्वतःच पत्ता लावून घेतलाय. मग केबल, वायफायचा पासवर्ड, राउटर या दिशेने शोधा.

पत्ता बरोबर असेल तर कमांड प्रॉम्प्ट (विंडोजमधली कमांड टाइप करायची काळी खिडकी) उघडून पिंग (ping) लिहा, एक जागा सोडा, ८.८.८.८ लिहा आणि एंटर दाबा. कमांड इंग्रजी अक्षरांत आणि आकडेही इंग्रजीच टाकायचे. उत्तर येतंय पण साइट उघडत नाहीत, तर डीएनएस अडलंय. साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता शोधून देणारी ही सेवा. आयपी सेटिंग्जमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरा. पहिली सेवा गूगलची, दुसरी क्लाउडफ्लेअरची, आणि दोन्ही फुकट आहेत. एका वेळी एकच बदल करा आणि तपासा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने चाललं ते कळत नाही, आणि कशाने बिघडलं तेही नाही.

तारीख न पाहणं

या चुकीमुळे धडधाकट कॉम्प्युटर फॉरमॅट झालेले मी पाहिलेत. नेरूळच्या एका घरात काका-काकू मे महिना गावाला काढून परतले. डेस्कटॉप सुरू झाला, वायफाय जोडलं गेलं, पण प्रत्येक साइटवर 'युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट'. मी कोपऱ्यातलं घड्याळ दाखवलं. तारीख कित्येक वर्षं मागची होती. 'अहो, तारखेचा आणि नेटचा काय संबंध?' काकांनी विचारलं.

संबंध थेट आहे. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्रावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. कॉम्प्युटरची तारीख मागे गेली की ते प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून सुरूच झालेलं नसतं, आणि ब्राउझर दार लावून घेतो. मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य सर्किटवर, नाण्याएवढी ३ व्होल्टची सीआर२०३२ बॅटरी असते. भिंतीवरचं बटण बंद असताना घड्याळ तीच चालवते. ती संपली की तारीख मागे जाते. घड्याळाच्या दुकानातही ती मिळते. कॉम्प्युटरची विजेची वायर काढून, अधिक चिन्ह वर ठेवून बसवा, मग तारीख-वेळ एकदा भरा. तूर्त बॅटरी नसेल तर नुसती तारीख दुरुस्त करूनही साइट उघडतात.

ऑफिसचं व्हीपीएन किंवा जुनी प्रॉक्सी (दोन्ही नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवतात) चालू राहिली असेल तर बंद करा. विंडोजमधलं 'नेटवर्क रिसेट' शेवटी वापरा, कारण साठवलेले वायफाय पासवर्ड त्यात जातात. फॉरमॅट मात्र नेटसाठी मारूच नका. नातवंडांचे फोटो आणि टॅलीचा डेटा जातो, आणि वर कधीकधी नेटवर्कचा ड्रायव्हरच (वायफाय-लॅन चालवणारा प्रोग्राम) नाहीसा होतो, जो डाउनलोड करायला नेटच लागतं.

कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधणं

घरी एकटे राहणारे ज्येष्ठ यात सापडतात, म्हणून हे ठळकपणे सांगतो. सर्चमध्ये वर दिसणारा नंबर कंपनीचा असेलच असं नाही. भामटे खोटे नंबर पेरून ठेवतात. गोड बोलतात, 'लाइन तपासतो' म्हणत मोबाइलवर एनीडेस्कसारखं स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावतात, मग 'फक्त १० रुपये भरा' म्हणतात. तुम्ही टाकलेली माहिती त्यांना दिसू शकते. नंबर बिलावरून किंवा कंपनीच्या ॲपमधूनच घ्या, आणि आईवडिलांच्या फोनमध्ये आजच सेव्ह करून द्या. नेट दुरुस्त करण्यासाठी कुठलीच कंपनी ओटीपी किंवा यूपीआय पिन मागत नाही.

कुणी फसलंच तर त्यांच्यावर ओरडू नका, वेळ तिथे जातो. मोबाइलचा डेटा आणि वायफाय लगेच बंद करा, ते ॲप काढून टाका, बँकेला सांगून खातं आणि कार्ड थांबवा, आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार द्या. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार पोहोचली तर ते अडवता येण्याची शक्यता असते. बँकेचे पासवर्ड मग दुसऱ्या फोनवरून बदला.