रात्रीचं ब्रश चुकवू नका, आणि हिरड्यातून रक्त आलं तर घाबरून थांबू नका

आपल्या सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगाचटणी म्हणजे रोजचंच, पण त्या चटणीचा बारीक कूट दातांच्या फटीत जाऊन बसतो ना, तो नुसती चूळ भरून निघत नाही, म्हणून झोपायच्या आधी ब्रश कराच, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि किडीला रान मोकळं मिळतं. ब्रश सॉफ्टच घ्या, फ्लोराईडवाली पेस्ट, २ मिनिटं, हिरडीच्या कडेला हलक्या हाताने गोल गोल. नंतर पेस्ट फक्त थुंका, लगेच खळखळून चूळ भरू नका, फ्लोराईड धुवून जातं. फटींसाठी फ्लॉस, म्हणजे दातांच्या मधे फिरवायचा बारीक धागा, वापरा, टाचणी किंवा काडेपेटीची काडी अजिबात नको.

हिरडीतून रक्त आलं की बरेच जण तिथं ब्रश करायचंच सोडतात, हे उलटं आहे, मळ साचून सूज वाढते. आठ-दहा दिवसांत थांबलं नाही तर डेंटिस्टला दाखवा.

आणि घरात आई, आजी मिश्री लावत असतील तर प्लीज प्रेमाने समजवा, ती भाजलेली तंबाखूच असते, हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच.