बजेट गेमिंग पीसीला प्रोसेसर घेताना एवढं बघा

भावा, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानात गेलास की पहिलं वाक्य ऐकायला मिळतं, 'आय सेव्हन आहे, टेन्शनच नाही' (आय थ्री, फाईव्ह, सेव्हन या इंटेलच्या प्रोसेसरच्या चढत्या पायऱ्या), पण कुठल्या जनरेशनचा ते विचार, कारण चौथ्या जनरेशनच्या जुन्या आय सेव्हनपेक्षा 4 कोअरचा (म्हणजे काम करणारे 4 भाग असलेला) बाराव्या जनरेशनचा आय थ्री 12100एफ गेममध्ये बऱ्यापैकी पुढे जातो. नुसत्या नावावर लई पैसे जातात.

ग्राफिक कार्ड घेणारच असशील तर एएमडीचा रायझेन 5 5600 किंवा इंटेलचा आय फाईव्ह 12400एफ, दोन्हीला 6 कोअर 12 थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), 1080पी म्हणजे फुल एचडी स्क्रीनला भरपूर झालं, उरलेले पैसे कार्डात घाल. रायझेन 5 5500 स्वस्त दिसतो खरा, पण त्याचा एल थ्री कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) 16 एमबी आणि 5600 चा 32, गेममध्ये तो फरक जाणवतो, शिवाय 5500 ला पीसीआयई 3.0 च मिळतं (कार्ड जोडायचा जुना, हळू मार्ग), म्हणजे 4 लेनवालं (डेटा जायच्या 4 च वाटा असलेलं) स्वस्त कार्ड लावलं की अजून मार बसतो.

इंटेलच्या नावात शेवटी एफ असेल तर आत ग्राफिक्स नसतं, कार्ड नंतर घेऊ म्हणालास तर स्क्रीनवर काहीच दिसायचं नाही! तसं असेल तर आत ग्राफिक्स असलेला रायझेन 5 5600जी बघ, आणि रॅम 8-8 जीबीच्या दोन काड्या लाव, एकच 16 ची नको, आतल्या ग्राफिक्सचा वेग रॅमवरच चालतो.

रायझेनचा जुना बी450 मदरबोर्ड मिळत असेल तर 5000 सिरीजसाठी (5500, 5600 वगैरे) बायोस, म्हणजे बोर्डातलं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर, अपडेट केलाय का ते दुकानातच चालू करून बघ. पुढं प्रोसेसर बदलायचाय तर मग एएम5 (एएमडीचा नवा सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा) असलेला बोर्ड, पण त्याला डीडीआर5 या नव्या प्रकारची रॅमच लागते.